पागोळ्या आणि पिक्सेल

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी पाहत उभा होतो. बाहेर श्रावणातला पाऊस पडत होता आणि आत पंख्याखाली रांगेने मूर्ती वाळत होत्या. कारागिराने बारीक कुंचला रंगात बुडवला, श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ एका झटक्यात ओढली. मग बुबुळ, आणि त्यात पांढरा ठिपका. त्या ठिपक्यानंतर मूर्ती माझ्याकडे बघायला लागली. पेणची मूर्ती घ्यायला लोक लांबून येतात आणि हमरापूर-जोहे पट्ट्यातून मूर्ती परदेशात जातात, त्यामागच्या कारणांपैकी एक मोठं कारण ही आखणी आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती गाडीत मांडीवर धरून आम्ही नागोठण्यामार्गे रोह्याला आणली. मखराची जबाबदारी माझ्याकडे होती. घरात इंजिनीयर एकच असल्यामुळे 'लायटिंगचं तू बघ' हे वाक्य दरवर्षी माझ्याच वाट्याला येतं. मी ऑनलाइन मागवलेली पाच मीटरची आरजीबी पट्टी मखराच्या आतल्या कडेने चिकटवली, रिमोटचं बटण दाबलं आणि मोड लावला: जांभळा, निळा, हिरवा, गुलाबी, परत जांभळा. फोटो काढला, स्टेटस ठेवलं. 'भारी', 'कडक' असे रिप्लाय आले.

संध्याकाळी आजी पुढ्यात बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "बाप्पाचा चेहरा कुठंय रे? मला नुसता उजेड दिसतोय."

मला वाटलं, तिच्या मोतीबिंदूमुळे तसं होत असेल. पण मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून पाहिलं, तर चेहरा खरंच नव्हता. जांभळ्या प्रकाशात गालांचा रंग शिसवी झाला होता, सोनेरी मुकुट चिखलासारखा दिसत होता आणि आखलेली पापणी, बुबुळ, ठिपका हे सगळं एका गडद डागात बुडालं होतं. कुणीतरी श्वास रोखून ओढलेली रेघ मी सहाशे रुपयांच्या पट्टीने पुसून टाकली होती.

हा लेख त्या पट्टीबद्दल आहे, म्हणजे रोषणाईबद्दल. आपण सिनेमाची, गाण्याची, कादंबरीची समीक्षा करतो. मूर्तीबद्दलसुद्धा बोलतो: सोंड कशी आहे, बैठक कशी आहे. मात्र कोकणात सणासुदीला प्रत्येक घर, प्रत्येक आळी जी कला हौसेने करते, त्या रोषणाईबद्दल आपल्याकडे समीक्षेची भाषाच नाही. जे शब्द आहेत ते ठरलेले: झगमगाट, लखलखाट, 'विद्युत रोषणाईने उजळून निघाला', 'डोळे दिपवणारी'. यातला शेवटचा शब्द नीट बघा. डोळे दिपणं म्हणजे दिसेनासं होणं. न दिसण्याला आपण कौतुकाचा शब्द केला आहे आणि आजीची तक्रार नेमकी तीच होती.

आधी तांत्रिक बाजू, कारण चूक कुठे झाली हे तिथेच कळतं. जुना पिवळा बल्ब तार तापवून उजेड द्यायचा. त्या उजेडात लाल ते जांभळा असे सगळे रंग सलग असतात, फक्त लालपिवळ्याचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे त्याखाली गोष्टी उबदार दिसल्या तरी त्यांचे रंग शाबूत राहतात. एलईडीचं तसं नाही. आरजीबी पट्टीच्या प्रत्येक मण्यात तीन बारीक दिवे असतात: साधारण 620 ते 630 नॅनोमीटरचा लाल, 520 ते 525 चा हिरवा, 460 ते 470 चा निळा. मधली जागा जवळजवळ रिकामी असते. विशेषतः हिरव्या आणि लालच्या मधला पिवळा-नारिंगी पट्टा या पट्टीत नाहीच. आपल्याला पिवळं दिसतं ते लाल-हिरव्याच्या मिश्रणाने डोळ्याला फसवल्यामुळे.

प्रकाश थेट डोळ्यात येत असेल तर ही फसवणूक चालते. मोबाइलचा स्क्रीन तशीच चालतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण तोच प्रकाश एखाद्या रंगवलेल्या वस्तूवर पडून परत येतो तेव्हा हिशोब चुकतो. गणपतीच्या अंगाचा रंग, पितांबर, मुकुटाचं सोनं हे सगळं नेमकं त्या पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात जगतं. जे किरण पट्टीतून निघालेच नाहीत, ते मूर्तीवरून परत कुठून येणार? त्यात मी तर जांभळा लावला होता, म्हणजे हिरवाही बंद. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं एक माप आहे, सीआरआय. पिवळ्या बल्बचा तो शंभरच्या जवळ असतो. घरातल्या साध्या पांढऱ्या एलईडीचा ऐंशीच्या आसपास, आणि थोडे पैसे जास्त दिले तर नव्वदच्या पुढचा दिवाही मिळतो. आरजीबी पट्टीच्या खोक्यावर हा आकडा छापलेलाच नसतो. वॉट असतात, मीटर असतात, 'सोळा मिलियन कलर्स' असतं. हा शेवटचा दावा तसा खोटा नाही. आठ-आठ बिटचे तीन रंग धरले तर एका पिक्सेलला 1,67,77,216 छटा सांगता येतात. त्यातली एकही छटा पेणच्या कारागिराने कारखान्यात मिसळलेल्या रंगाला न्याय देत नाही, एवढंच.

पेणच्या मूर्तीवर गेली काही वर्षं एक मोठा वाद चालू आहे: शाडू की पीओपी. तो महत्त्वाचा आहे. नदी, खाडी आणि हजारो लोकांची पोटं त्यात गुंतली आहेत. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, त्यावरही भरपूर बोललं गेलं. आपण मातीवर वाद घातला, मखरावर वाद घातला. प्रकाशाचा विषय निघालाच नाही. आमच्याच घरातलं सांगतो. थर्माकोलचे कोरीव खांब गेले आणि त्यांच्या जागी साधा पडदा आला. पडदा रिकामा वाटायला लागला, म्हणून पट्टी आली. हाताने करायची नक्षी गेली आणि बटण दाबून मिळणारी आली. हा बदल आमच्या एकट्याच्या घरात झाला नसणार.

इथे कुणी म्हणेल, हा जुन्या दिवसांचा उमाळा आहे. तसं नाही, आणि ते दाखवायला मी दुसऱ्या टोकाचं उदाहरण घेतो. दिवाळीत पेण-रोह्याच्या गच्च्यांवरून हल्ली एक माळ लोंबते. आडवी तार आणि तिला कमी-जास्त लांबीच्या उभ्या लडी. दुकानात तिला 'झालर' किंवा 'पडदा लाइट' म्हणतात. खोक्यावर मात्र 'आयसिकल' लिहिलेलं असतं. म्हणजे छपराच्या कडेला गोठून लोंबणारे बर्फाचे सुळे. विजेच्या माळेचा सगळा वंशच तिकडचा. 1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातल्या ख्रिसमसच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी बल्ब लावले, तिथून ही गोष्ट सुरू होते. थंडीच्या देशात, लवकर अंधार पडतो त्या दिवसांत, झाडावर उजेड. त्याच घराण्यातला हा बर्फाचा सुळा आपण ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने निथळत गच्चीला बांधतो.

शुद्धतावाद्याला इथे हसायची आयती संधी आहे. मीही आधी हसलो होतो. मग एका संध्याकाळी समोरच्या कौलारू घराला तीच झालर लावलेली पाहिली आणि हसू थांबलं. कौलांच्या कडेवरून कमी-जास्त लांबीच्या लडी उतरल्या होत्या आणि त्यांच्यातून उजेड थेंबाथेंबाने खाली सरकत होता. ते बर्फ नव्हतंच. त्या पागोळ्या होत्या. चार महिने ज्या कडेवरून पाणी गळताना आपण पाहतो, त्याच कडेवरून पाऊस संपल्यावर उजेड गळत होता. ज्याने ती बांधली त्याला आयसिकल हा शब्द माहीत असेल की नाही, कोण जाणे. पण माळ कुठे शोभेल हे त्याच्या हाताला माहीत होतं. वस्तू आयात असली तरी तिचा अर्थ इथे नव्याने तयार होऊ शकतो, तो असा. हीच झालर सपाट काचेच्या दुकानावर लावली की नुसती तार दिसते, कारण तिथून कधी पाणी गळलेलं नसतं.

म्हणून रोषणाईबद्दल पहिला प्रश्न जुनी की नवी, देशी की चिनी, हा नसावा. हा दिवा कशाला उजळतोय, हे आधी विचारावं. मूर्तीला, छपराला, उंबऱ्याला, की फक्त स्वतःला?

आकाशकंदील या कसोटीवर का टिकतो, ते बघा. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, खळ, खाली झिरमिळ्या. आत साधा बल्ब. दिवा स्वतः दिसत नाही, दिसतो तो कागद. काड्यांचे सांधे, कागदाची सुरकुती, कुणीतरी खळ जरा जास्त लावली तो डाग, हे सगळं उजेडामुळे दिसतं. उजेड हाताने केलेल्या कामाच्या मागे उभा राहतो. रोह्याहून निघालेली कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे कोर्लईचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासूनची एक ख्रिस्ती वस्ती राहते आणि घरात पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली बोलते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर नाताळात दारापुढे टांगतात तो कागदी तारा आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच: तोच कागद, तेच आतलं लपलेलं दिवेपण. धर्म वेगळे, पण दिव्याला कपडे घालायची रीत एकच. पिक्सेलची पट्टी मात्र उघडी असते. तिच्या मागे काही नसतं आणि पुढेही काही नसतं. बघायचं ते तिलाच.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी याने 1933 मध्ये 'इन प्रेज ऑफ शॅडोज' या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा निबंध लिहिला. त्यात त्याचं एक निरीक्षण असं आहे, की लाखेच्या भांड्यांवरची सोनेरी नक्षी विजेच्या दिव्याखाली भडक वाटते, कारण ती मुळात मंद ज्योतीच्या उजेडासाठी केलेली असते. मुकुटाच्या सोन्याबद्दल मला हेच म्हणायचं आहे. पण तानिझाकीबरोबर मी पूर्ण रस्ता चालू शकत नाही. अंधाराचं कौतुक करणं बटण हाताशी असलेल्या माणसाला सोपं असतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. पहिल्या रात्री मी अंगणात जाऊन आकाश बघितलं, इतके तारे मी आधी कधी पाहिले नव्हते. चौथ्या रात्री मला एकही तारा बघायचा नव्हता, मला पंखा आणि पाण्याचा पंप हवा होता. आजी म्हणाली, "आमचं सगळं आयुष्य असंच होतं की!" आणि ती हे कौतुकाने म्हणत नव्हती.

तेव्हा उजेड हे सुखच आहे. तो मोजून मिळायचा तेव्हा लोक जपून वापरायचे, एवढाच फरक. आपल्या या पट्ट्यात तर उजेड मोजून देणारे लोक होते. कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांतून राहणारे बेने इस्रायली पिढीजात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. गंमत अशी की ज्यूंचा दिव्यांचा सण, हनुक्का, त्यांना पूर्वी ठाऊकच नव्हता. इतर ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे आला. तो सण ज्या कथेवर उभा आहे ती एका दिवसाच्या तेलात आठ दिवस तेवलेल्या दिव्याची आहे. तेल विकणाऱ्या माणसांना तेल पुरण्याची गोष्ट उशिरा कळली! पण त्या कथेचा चमत्कार समजायला तेल संपतं हे माहीत असावं लागतं. एलईडी संपत नाही. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं ते रास्तच होतं, त्या शोधाने जगाची प्रचंड वीज वाचली. पण दिवा इतका स्वस्त झाला की तो बंद करायचं कारणच उरलं नाही.

माझी खरी तक्रार इथे सुरू होते. सणाचा दिवा उतरवायचा असतो. आकाशकंदील तुळशीच्या लग्नानंतर, फार तर त्रिपुरी पौर्णिमेनंतर खाली येतो. गणपती तर पाण्यातच जातो. पेणचा कारागीर वर्षभर राबून जी वस्तू करतो, ती दीड, पाच किंवा दहा दिवसांनी विरघळणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, आणि तरी तो पापणीच्या रेघेत कसूर करत नाही. शेवट ठाऊक असलेली ही कला आहे. उलट रेवदंड्यापासून काशीदच्या पुढेपर्यंत किनाऱ्याने जा. सुरूच्या आणि नारळाच्या झाडांना खालून वरपर्यंत गुंडाळलेल्या माळा बारा महिने चालू असतात. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारा हिरव्या पडतात, अर्धे मणी मरतात, उरलेले चालू राहतात. कोणता सण आहे? कुठलाच नाही. रीलसाठी मागे काहीतरी लुकलुकायला हवं, म्हणून ती दिवाळी कायम चालू.

याची किंमत फक्त सौंदर्याची नाही. याच जिल्ह्यात दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री बाहेर पडतात तेव्हा ज्या बाजूचं क्षितिज जास्त उजळ, तिकडे चालू लागतात. लाखो वर्षं ती बाजू समुद्राची होती. किनाऱ्यावर दिवे आले की पिल्लू उलटं, झाडांकडे जातं. त्याचेही डोळे दिपतात म्हणा. फक्त त्याच्या भाषेत तो कौतुकाचा शब्द नाही.

आता पिक्सेलच्या बाजूने एक साक्ष देतो. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते. देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते आणि मग पालखी गावभर फिरते. आळ्याआळ्यांत स्वागताच्या कमानी असतात. एका वर्षी आमच्या आळीतल्या पोरांनी पिक्सेलची कमान केली. पळणारे रंग, फिरणारी चक्रं, सगळं होतं. पण मोबाइलवर व्हिडिओ काढला की त्यात काळे पट्टे सरकताना दिसायचे. मला विचारायला आले, "दादा, काय करायचं?" कारण साधं होतं. हे कंट्रोलर दिवा मंद करताना त्याला अतिवेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मी म्हटलं, "मंद करू नका, पळवू नका. पालखी येईल तेव्हा सगळे पिक्सेल एकाच रंगावर पूर्ण ठेवा." त्यांनी केशरी निवडला.

पालखी वळणावर आली आणि कमान थांबली. तोपर्यंत सगळे कमानीकडे बघत होते. ती थांबल्यावर पालखीकडे बघायला लागले. हजार-बाराशे पिक्सेलनी मिळून जी सर्वांत चांगली गोष्ट केली ती म्हणजे हालणं बंद केलं. ते व्हिडिओ नीट यावा म्हणून केलं होतं, सौंदर्याच्या विचाराने नाही, हे मान्य. पण चांगलं दिसणं असंही सापडतं, आणि एकदा सापडलं की त्याला नाव द्यावं, म्हणजे पुढच्या वर्षी ते मुद्दाम करता येतं. समीक्षेचा उपयोग एवढाच असावा.

यंदा आमच्या मखरात मी दोन बदल केले. तीन हजार केल्विनचा, नव्वदच्या पुढच्या सीआरआयचा एक छोटा दिवा वरून, जरा उजवीकडून तिरका लावला. तो मूर्तीच्या चेहऱ्यासाठी. आणि आरजीबी पट्टी पडद्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून चिकटवली, म्हणजे मणी दिसत नाहीत, भिंतीवरचा रंगच फक्त पडद्यातून झिरपतो. एकूण खर्च जुन्या पट्टीपेक्षा कमी आला.

चुलत भावंडांना ते आवडलं नाही. "एकदम बोअर आहे, दादा," असा थेट निकाल आला. बराच वाद झाला आणि तह असा ठरला: दिवसभर पट्टी त्यांच्या ताब्यात, हवा तो मोड. आरती सुरू झाली की बंद. तेवढा वेळ वरचा दिवा आणि निरांजन.

पहिल्या आरतीला धाकट्याने रिमोट दाबला आणि पट्टी विझली. कापूर पेटला. ज्योत हलली तशी पापणीखालची सावली हलली आणि बुबुळातला ठिपका चमकला. आजी काही बोलली नाही, ती टाळ्या वाजवत होती. आरती संपता संपता धाकट्याने परत रिमोट उचलला. मी म्हटलं, "थांब जरा." तो म्हणाला, "तह आरतीपुरताच होता," आणि भिंत जांभळी झाली.